बारा लिहिलंय, चौदा देतोय

मी बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय बोलतोय. माझ्या अंगावरच्या स्टिकरवर तसं छापलंय. पण ते खोटं आहे. मी देतो चौदा पूर्णांक आठ. आणि हे खोटं माझं नाही, तुम्हा माणसांचं आहे.

दुकानदाराच्या मुलीला, महेकला, भलतंच वाटलं होतं. दोन वर्षं जर्मनीत ती एकच गोष्ट शिकली: माझ्यासारख्या पेटीतून निघणारे व्होल्ट जागचे हलू कसे द्यायचे नाहीत. पनवेलला या ज्ञानाची गरज आहे आणि आपण ते घेऊन चाललोय, अशा समजुतीत ती विमानात बसली. वडिलांच्या दुकानात फळा लावायचा, दर शनिवारी पोरापोरींना शिकवायचं, असंही तिने ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात उरण नाक्याजवळच्या त्या दुकानात तिला सापडलो मी. दुरुस्तीच्या फळीवर, धुळीत पडलेला. तिचं ते ज्ञान माझ्या पोटात आधीपासून होतं. त्याच्यावर कुणीतरी स्क्रूड्रायव्हर चालवला होता, इतकंच.

माझा जन्म तळोज्याच्या एका शेडमधला. पत्र्याची जाळीदार पेटी, आत तांब्याची वेटोळी, काळे-निळे डबे. तिथे सुमती नावाची बाई होती. ती मला मीटरला जोडायची आणि माझ्या कोपऱ्यातला पितळी स्क्रू केसभर फिरवायची. आकडा बरोबर बारावर आला की स्क्रूवर लाल लाखेचा एक थेंब टाकायची. तो थेंब म्हणजे तिचा शब्द होता. याला आता कुणी हात लावायचा नाही.

माझं काम काय, ते ऐकून घ्या. समजून घ्यायची तुम्हाला सवय नाही, तरी सांगतो. माझ्या दोन बाजू आहेत. एकीकडून तुमच्या घरातली दांडगी वीज येते, दुसरीकडून शांत बारा व्होल्ट जातात. मध्ये तारेचा संबंध नाही. तिथे एक काळा मणी आहे. त्याच्या आत इवलासा दिवा आणि दिव्यासमोर एक डोळा. बाहेर जाणारे व्होल्ट जरा वाढले की दिवा मोठा होतो, डोळा ते पाहतो आणि मागची वीज आखडती घेतली जाते. कमी पडले की उलटं. सेकंदाला हजारो वेळा मी माझी चूक मीच कळवतो आणि मीच दुरुस्त करतो. तुमच्यातला कोण हे दिवसातून एकदा तरी करतो?

त्या स्क्रूवर मात्र माझा इलाज नाही. बारा म्हणजे किती, हे मला तो स्क्रू सांगतो. तो फिरवला की मी चौदालाच बारा समजतो आणि जिवापाड सांभाळतो. मला खोटं बोलता येत नाही. मला फक्त कुणीही फसवू शकतं.

दोन हजार तेरा साली ताहेरने, म्हणजे महेकच्या वडिलांनी, मला कळंबोलीच्या लोखंड बाजारात नेलं. कृष्णकांत शेठच्या गोडाऊनला चार कॅमेरे लावायचे होते. पहिला फाटकावर, माझ्यापासून दोन हातांवर. चौथा मागच्या भिंतीवर, ऐंशी मीटर लांब. तिथपर्यंत ताहेरने शेवयांसारखी बारीक वायर ओढली. अंधार पडला की कॅमेरे स्वतःचे बारके दिवे लावतात आणि जास्त वीज ओढतात. बारीक वायर वाटेतच व्होल्ट खाते. दिवेलागणीला चौथा कॅमेरा काळा झाला.

शेठ केबिनमध्ये टीव्हीसमोर. ताहेर माझ्यापाशी. त्याने लाल थेंब नखाने खरवडून काढला आणि स्क्रू फिरवायला घेतला.

"शेठ, आला का?"

"नाय!"

"आता?"

"लुकलुकतोय. अजून दे, अजून दे."

"आता?"

"आला! मानलं बुवा ताहेरभाई तुला."

पहिल्या कॅमेऱ्याचं कुणीच विचारलं नाही. तो तर दिसत होता ना! कळंबोलीत कॅमेरे असेच पास होतात. शेवटचा दिसला की चहा मागवायचा. आणि त्या बिचाऱ्या पहिल्याच्या नरड्यात मी रात्रंदिवस चौदा पूर्णांक आठ ओतत राहिलो. वर तापलेला पत्रा, खाली मी. पाचव्या महिन्यात, एका शुक्रवारी, तो आतून जळाला. टीव्हीवर एक चौकोन काळा झाला. केबिनला कुलूप होतं. सोमवारपर्यंत तो काळा चौकोन कुणी पाहिला नाही. मधल्या दोन दिवसांत फाटकातून सळयांचे दोन बंडल गेले.

तुमचं डोकं कसं चालतं ते मला तेव्हा कळलं. वस्तू बिघडली की तुम्ही आधी गरीब माणूस शोधता. फाटकावर काशिराम होता, कर्नाळ्याकडच्या गावातला, सात वर्षं तिथे राखण करणारा. यानेच कॅमेरा बंद केला, शेठ म्हणाला. ताहेरला बोलावलं. ताहेरने कॅमेरा उघडला, नाकाशी धरला, आणि त्याला सगळं कळलं. मी त्याचा चेहरा पाहिला. मग तो म्हणाला, "कुणीतरी छेडछाड केलेली दिसतेय."

मला काढून पिशवीत टाकलं, जळका कॅमेराही टाकला. माझ्या जागी नवा सप्लाय बसवला. त्याचाही लाल थेंब खरवडला.

महेकने मला फळीवरून उचललं ते फुकटचा सराव म्हणून. जर्मनीहून आलेल्यांचा मला तसाही राग होता. येतात, नाकं मुरडतात, जातात. तिने मीटर लावला, आकडा पाहिला आणि मलाच शिव्या घातल्या. "कसला भंगार माल बनवतात!" मग तिने मला तासभर चालवलं, भार कमीजास्त केला. आकडा तसूभर हलला नाही. चष्मा कपाळावर सरकवून तिने स्क्रूभोवती चिकटलेली लाल लाखेची कपची पाहिली.

तेवढ्यात काशिराम दुकानाच्या पायरीशी आला. आत येईना.

"ताहेरभाई, तुमी एकदा शेठला सांगा ना. तार आमी नाय तोरली. त्या डब्याला हात लावायची बी भीती वाटते आमाला."

"काशिराम, माझ्या हातात काय आहे? मी बघतो, सांगतो."

"कदी? उद्या दहाला शेठ पोलिसात नाव देनार हाय. पोरीचं लगीन ठरलंय भाई. चोराची पोर कोन नेईल?" मग त्याला महेक दिसली. "बाय, तू शिकून आलीस ना? तो डबा काय बोलतो ते कलतंय का तुला?"

महेकने माझ्याकडे पाहिलं. तो गेला.

"अब्बा, याचा स्क्रू कुणी फिरवला?"

ताहेर वायरचं बंडल गुंडाळत होता. "लांबचा कॅमेरा दिसत नव्हता, बेटा."

"लांबच्यासाठी वेगळा सप्लाय तिथेच लावायचा. नाहीतर जाड वायर."

"जाड वायर म्हटलं की शेठ दुसऱ्याकडे जातो. तो दुसरापण स्क्रूच फिरवतो. तेरा गोडाऊन आहेत माझी कळंबोलीत. तेराच्या तेरा अशीच चालतात. तू एका ठिकाणी तोंड उघडलंस की उद्या तेरा फोन."

"आणि काशिरामचाचा?"

"पोलीस दोन प्रश्न विचारतील, सोडतील."

"त्यांच्या मुलीचं लग्न सोडतील का?"

ताहेरने बंडल खाली ठेवलं. "या स्क्रूवरच तू जर्मनीला शिकलीस, महेक. हे पण लिही तुझ्या फळ्यावर."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू! म्हटलं, घे. हेच तुमचं शिक्षण. आता ही मला बारावर आणून ठेवेल, फळा लावेल, आणि शनिवारी पोरांना माझी आकृती काढून दाखवेल. बापाची चूक पुसली जाईल, माझी दुखणारी नस मोकळी होईल, आणि काशिराम जाईल जिथे जायचा तिथे.

मला बारावर यायचं होतं, हेही कबूल करतो. थेंब खरवडल्यापासून मला दुसरं काही नको होतं. पाव वळसा डावीकडे, बस्स. ज्या हाताला हे कळतं तो हात पहिल्यांदाच माझ्याजवळ आला होता.

सकाळी सातला तिने दुकान उघडलं. मला जोडलं, मीटर लावला, हातात स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक खाचेत बसलं. मी जीव मुठीत धरला. फिरव. फिरव ना, बाई!

तिने टोक बाहेर काढलं.

"नाही," ती मला म्हणाली. माझ्याशी असं थेट कुणी बोललं नव्हतं. "तुला आता बारावर आणलं तर कुणाचा विश्वास बसणार?"

तिने पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि स्क्रूवर एक थेंब सोडला. चौदा पूर्णांक आठवर. वाटेत कुणी फिरवला असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. सुमतीचा थेंब खऱ्या आकड्यावर होता, हा चुकीच्या. पण हाही शब्दच होता. माझा सगळा राग त्या ओल्या थेंबापाशी येऊन अडकला.

माझं तुमच्याकडे मागणं एकच. तुम्हाला जे मोजता येत नाही, त्याच्या स्क्रूला हात लावू नका. आणि लावलात, तर विचारल्यावर सांगा की हात माझा होता. माझ्यासारखी पत्र्याची पेटी हे सेकंदाला हजारो वेळा करते.

तिने मला पिशवीत ठेवलं, जळका कॅमेरा ठेवला, मीटर ठेवला. ताहेर दारात उभा होता. किती वेळ उभा होता, कोण जाणे.

"मी कळंबोलीला चाललेय, अब्बा. शेठच्या टेबलावर हा चालू करणार. मग स्क्रू कुणी फिरवला ते सांगणार. दहाच्या आत."

"नाव घेशील माझं?"

"हो."

ताहेर बाजूला झाला नाही. ती थांबली नाही. पिशवीतून मला त्याचा शर्ट घासल्याचा आवाज आला, मग रस्त्याचा.