माझ्याकडे बघून बोल

वर्गात बाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं. फळ्यावर समीकरण लिहिताना मागून कुणी शंका विचारली, की त्या हातातल्या खडूसकट वळायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडे बघून बोल." भौतिकशास्त्राच्या पोरांना वाटायचं, बाई शिस्तीच्या पक्क्या. बाईंनाही तसंच वाटायचं.

मग विद्यापीठाचे वर्ग ऑनलाइन झाले. नेट पुरावं म्हणून मुलांचे कॅमेरे बंद. पडद्यावर नुसते काळे चौकोन. शिकवणं जमत होतं, पण शंका आली की बाई चाचपडायच्या. पोरं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, ही त्यांची तक्रार. नेटच्या नावानं तर रोज बोटं मोडणं चाले. नवा स्पीकर आणून झाला, राउटर कपाटावर चढवून झाला. परिस्थिती जैसे थे.

तोंडी परीक्षेत पिपाणीची पाळी आली. आवाज बारीक, म्हणून वर्गानं तिचं हे बारसं केलेलं, आणि तिनंही ते हसून चालवून घेतलेलं. मुलगी मेहनती होती. मागच्या वर्षी आजारपणात तिचा हाच विषय राहिला होता. आता पुन्हा राहिला तर तिला विद्यापीठ सोडावं लागणार होतं.

बाईंनी नेहमीचाच प्रश्न विचारला. गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे उष्णता गेली, तर दोन्हींची मिळून एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, वाढते की घटते, आणि का?

स्पीकरमधून काहीतरी आलं, पण कडा झिजलेल्या नाण्यासारखं, काही वाचता न येणारं. बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेनंतर मात्र त्यांनी सुनावलं, की येत नसेल तर सरळ नाही म्हणावं, उगाच वेळ काढू नये. पलीकडचा चौकोनच नाहीसा झाला. बाईंनी शून्य मांडलं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची धाकटी नणंद खिडकीच्या पडद्याला काठ शिवत बसली होती. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं सुई कापडात टोचली आणि खोली ओलांडून वहिनीसमोर येऊन उभी राहिली.

"वहिनी, तिनं तीनदा उत्तर दिलं. शेवटचं तर रडत रडत."

"अगं, पण ऐकू तर यायला हवं ना. हे नेट म्हणजे..."

"मीही त्याच नेटवर ऐकत होते की."

शंका आली की तपासून बघायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा धडा. त्यांनी नणंदेला पाठ फिरवून काहीतरी बोलायला सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून बोलली. बाईंना आवाज आला, त्याचा चढउतारही कळला. शब्द मात्र एकही कळला नाही.

"काय म्हणालीस?"

नणंद वळली. "म्हटलं, मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तू बोलायला नेहमी समोर येतेस?"

तिनं नुसती मान हलवली. ते बाईंना स्वच्छ कळलं.

विभागप्रमुखांना हे सांगावं लागणार होतं. शिकवणं हातातून जाईल का, हा प्रश्न बाईंनी तूर्त गिळला. सकाळपासून तोंडी दिलेल्या सगळ्यांनाच परत बोलवायला हवं होतं. पण आधी पिपाणी. त्यांनी टाइप केलं: परत ये, कॅमेरा लाव, चूक माझी आहे.

मुलगी पडद्यावर आली. नाक लाल, मागे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल.

"मला कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "ओठ बघून मी ऐकते. आत्तापर्यंत मलाच पत्ता नव्हता. तू उत्तर दिलंस, ते माझ्यापर्यंत पोचलं नाही."

मुलीनं हात लांबवून टेबलावरचा दिवा आपल्या तोंडाकडे वळवला.

एकूण एन्ट्रॉपी वाढते, तिनं सांगितलं. कारण देताना मात्र उलटी गाडी हाकली. बाईंनी सूट दिली नाही. उष्णता तेवढीच, मग एन्ट्रॉपीचा बदल कशात मोठा, गरम वस्तूत की थंड वस्तूत, एवढंच विचारलं.

मुलीचे डोळे छताकडे गेले, भुवया आक्रसल्या, मग सैल झाल्या. तिचे ओठ हलले: थंड. नेट खरोखरच रखडत होतं. आवाज मागाहून आला. तोवर बाईंनी शून्यावर काट मारली होती.