हाताचा अंदाज

वामनरावांनी उजव्या हाताची पालथी बाजू तारेला लावली आणि नाराजीने मान हलवली. मशीन टकटक करत होतं, टोकाशी निळी ठिणगीही उडत होती, पण हाताला जेमतेम मुंगी चावल्यासारखं झालं. त्यांनी बटण बंद केलं, उरलेला करंट उतरवला आणि झटक्याचा जोर वाढवायला आणखी एक कंडेन्सर शोधायला भंगाराचा डबा पुढे ओढला.

मोताळ्यात डबा टीव्ही दुरुस्तीला येणं केव्हाच बंद झालं होतं. आता त्याच टीव्हींच्या पोटातला माल काढून वामनराव शेताच्या कुंपणासाठी झटका मशीन बांधत. रानडुकराला, रोह्याला म्हणजे नीलगायीला तारेचा धाक बसावा, जीव जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. ठिणगीवर त्यांचा भरवसा नव्हता. पायात रबरी चप्पल घालून स्वतःच्या हाताने झटका घेतल्याशिवाय त्यांनी एकही मशीन दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. या कामाचा त्यांना अलीकडे मनापासून कंटाळा आला होता, पण दुसरं काही येतही नव्हतं.

धामणगाव बढ्याचा मार्तंड बाकावर ताटकळला होता. डुकरांनी त्याच्या मक्याची पार वाट लावली होती आणि जागल करून करून त्याचे डोळे तांबारले होते. आहे तसं द्या, असं तो मघापासून म्हणत होता.

"थांब बाप्पा," वामनराव म्हणाले. "याच्यात दमच नाही. आजकाल मालच खराब येऊन राह्यला. वरवटच्या शंकररावच्या मशीनलेबी मले डबल माल टाका लागला."

दुकानामागच्या घरातून रुखमाबाई चहा घेऊन आल्या. मार्तंडने स्टीलचा ग्लास धरला न धरला तोच बाकावर टेकवला आणि बोटांवर फुंकर घातली. वामनराव आपला ग्लास उजव्या मुठीत घट्ट धरून डाव्या हाताने डबा चाळत होते.

नवऱ्याच्या मुठीकडे बघत रुखमाबाई तिथेच थांबल्या.

"अहो, चटका नाही बसून राह्यला का?"

"कायचा?"

त्यांनी ग्लास काढून घेतला. तळवा लालभडक झाला होता. वामनराव आधी तळव्याकडे बघत राहिले, मग टेबलावरच्या मशीनकडे. मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून डॉक्टर, पाय बधिर होतात, पायांना जपा म्हणून सांगत. हातांचं वामनरावांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मशीन आज मिळणार नाही, असं मार्तंडला सांगून त्यांनी वरवट बकालला शंकररावांना फोन लावला. शंकरराव खुशीत होते, बोलूच देईनात.

"वामनभाऊ, काय मशीन बनवली तुम्ही. सकाळी तारेपाशी रोही मरून पडेल होता. घोड्याएवढा."

"तार बंद करा," वामनराव म्हणाले. "कोणाले तिकडं जाऊ देऊ नका. मी येतो."

फोन ठेवून त्यांनी पक्कड, पाने पिशवीत भरले. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"तूबी चाल वं."

"मी काय करू तिथं?"

"जास्तीचा माल मी काढतो." ते उजवा हात डाव्या हाताने चोळत होते. "मंग तारेले हात लावाले कोणी पायजे."

रुखमाबाईंनी पदराला हात नीट कोरडे केले आणि कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं.

"तुमची रबरी घालते मंग," त्या म्हणाल्या.