परोशांची पाळी

परोश म्हणजे पिसू. यरुशलेमात हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे, आणि महलाची अडचण नेमकी हीच होती.

तिच्या मुलीचं, केसियाचं, लग्न ठरत आलं होतं. मुलाच्या आईची, हमूटलची, एकच अट होती. अव महिन्यात मंदिराच्या वेदीला लाकूड पुरवायची पाळी परोश घराण्याची असे. त्या दिवशी मंदिराच्या दाराशी घराण्याचं नाव मोठ्यानं पुकारत.

"त्या दिवशी मुलीच्या आजोबांचं नाव लावा, पदायाचं," हमूटल म्हणाली. "माझ्या जावा तिथंच असतात. सून पिसवांकडची म्हटलं, की अंग खाजवून दाखवतील मला."

महला घराण्याच्या प्रमुखाकडे, चुलत दीर इम्रीकडे गेली. तो अंगणात अंजिराचे ओंडके फोडत होता. किडकं लाकूड वेदीला चालत नाही, म्हणून ती एकेक ढलपी उन्हात धरून भोकं शोधू लागली.

"भावजी, हे नाव पडलं तरी कसं?"

"वडील म्हणत, मूळपुरुष बुटका होता, टुणटुण चालायचा. काका म्हणत, बाबेलला कैदेत होतो तेव्हा तिथल्या लोकांनी कितीही झटकलं तरी आपण चिकटून राहिलो. आणि आजी म्हणायची, आधीची मुलं गेली म्हणून आईनं मुद्दाम असलं नाव ठेवलं. मरणाला किळस यावी म्हणून."

"मग खरं कुठलं?"

"ज्याला विचारशील त्याचं."

तिन्ही शक्य होती. पुरावा एकाचाही नव्हता. एवढ्यासाठी मुलीचं लग्न अडावं, हे महलाला पटेना.

"मग पदाया म्हणा."

इम्रीनं कुऱ्हाड खाली ठेवली. "पोरीसाठी म्हणेन."

पाळीच्या दिवशी लाकूडकोठीच्या याजकानं विचारलं, "कुणाचं लाकूड?"

"पदायाच्या घराण्याचं."

"त्यांची पाळी नाही आज."

"अहो, आम्हीच ते. परोश."

"मग तसं पुकारा. पाळी नावाला दिलीय, तोंडं बघून नाही. नाव सोडलंत तर पाळी सुटली. पुढच्या वर्षीपासून दुसरे आणतील."

याचा विचार कुणीच केला नव्हता. इम्रीनं वळून महलाकडे पाहिलं. खांद्यावर मोळ्या घेतलेले सगळे भाऊबंदही तिच्याकडेच बघू लागले. हमूटल जावांबरोबर समोरच होती.

"आई," केसिया म्हणाली, "काकांचा खांदा भरून आलाय. काय ते लवकर सांग."

महलानं होकाराची मान डोलावली.

"परोश!" इम्री ओरडला.

"सांभाळा रे, वेदीवर उड्या मारतील!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. याजकानं लाकूड आत घेतलं. हमूटल निरोप न घेता निघून गेली. नंतर तिच्याकडून काही कळलं नाही.

त्याच महिन्याच्या पौर्णिमेला मुली द्राक्षमळ्यात नाचायला निघाल्या; तिथं मुलगे बायको निवडायला येत. कुणाची गरिबी दिसू नये म्हणून त्या दिवशी सगळ्याच उसने पांढरे कपडे घालत. केसियानं शेजारणीकडून आणलेला अंगरखा खांद्यात सैल होत होता. महला टाके घालत होती.

"कुणी विचारलं, कुणाची मुलगी, तर?"

"आधी नावच सांगणार," केसिया म्हणाली. "उगाच नाचून दमायचं कशाला?"