चालत्या गाडीतलं स्वयंपाकघर

सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीचा एक सिद्धांत होता: फोनचा इअरफोन कानात अडकवला की हात मोकळे राहतात, आणि गाडी शेवटी हातांनीच चालवायची असते. त्यामुळे लेकीला शाळेत सोडायला निघाल्यावर त्याने फोन घेतला. शेजारी बायको होती. लेक मागे दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

फोनवर गिऱ्हाईक बाई होत्या. त्यांना स्वयंपाकघर नवं करून हवं होतं. त्या सांगू लागल्या आणि मिस्त्री आत शिरला. आत शिरल्याशिवाय त्याला काम दिसतच नसे. रस्ता हळूहळू विरघळला. डाव्या हाताला ओटा आला, समोर सिंक, त्यावर खिडकी, खिडकीतून कोवळं ऊन. मोठी प्रसन्न खोली. कपाटांना लाल रंग द्यावा का, असं बाईंनी विचारलं. लाल डोळ्यांत खुपतो, असं म्हणत मिस्त्रीने सिग्नल ओलांडला.

फ्रिजच्या जागेवर एक म्हातारबाबा उभे होते, हातात भाजीची पिशवी. स्वयंपाकघरात भाजी, त्यात वावगं काय?

"आजोबा, जरा सरका," मिस्त्री अदबीने म्हणाला, "इथे फ्रिज येणार आहे."

बायकोने हँडब्रेक खेचला.

गाडी थांबली तेव्हा पिशवी बॉनेटला टेकली होती. काच खाली असल्याने म्हातारबाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी टोमॅटो चाचपून पाहिले.

"येऊ दे फ्रिज. आधी मी जाऊ का?"

ते गेल्यावर लेकीने हळूच विचारलं, "बाबा, तू कुठे होतास?"

समोरच बघत होतो, असं मिस्त्री म्हणाला. ते खोटं नव्हतं.

बायको उतरली. लेकीलाही उतरवलं.

"तुमचं स्वयंपाकघर होऊ द्या. तोवर ही या गाडीत बसायची नाही."

फोन बंद करून, गाडी कडेला लावून मिस्त्री त्यांच्यामागून चालू लागला. पुढच्या झेब्रा पट्ट्यांवर लेकीने पाऊल टाकलं. एक गाडी येत होती. चालवणाऱ्याचे डोळे थेट तिच्यावर होते, ओठ हलत होते, चेहऱ्यावर समाधान होतं. ते समाधान मिस्त्रीच्या ओळखीचं होतं. गृहस्थ कुठल्यातरी खोलीत पडदे लावत असावेत. मिस्त्रीने दप्तर धरून लेकीला मागे ओढलं. गाडी पट्ट्यांवरून अलगद तरंगत गेली.

"त्यांनी बघितलं होतं ना आपल्याला?" लेकीने विचारलं.

"डोळे इकडे होते, एवढंच."

मग लेकीचा हात घट्ट धरून तो उभा राहिला, रस्त्यावर नुसता रस्ता उरेपर्यंत.