डाव्या बाजूचं अस्तर

दुसऱ्या फेरीत मी पडले आणि बाबांनी माझ्या गळ्याला कात्री लावली.

आता हे वाक्य कृपया खोडून टाका. आमच्या घरात एकमताने ठरलं आहे की असं काही घडलेलंच नाही. ठराव आत्याने मांडला, बाबांनी अनुमोदन दिलं आणि मी मान डोलावली, तीही डॉक्टरांनी परवानगी दिलीय तेवढीच. तेव्हा सुरुवात शिंकेपासून करू. शिंकेबद्दल कोणाचंच दुमत नाही.

मी नगरपालिकेच्या अर्ज विभागात कारकून आहे. लोक अर्ज करतात, मी नाकारते. ‘आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला, तथापि’ हे मी दिवसातून तीसेक वेळा लिहिते. तथापिच्या पुढचं कोणी वाचत नाही, तिथेच सगळ्यांचा चेहरा पडतो. नऊ महिन्यांपूर्वी एका मंगळवारी तथापि लिहिता लिहिता मला शिंक आली. फाईल भिजू नये म्हणून मी ती दाबली आणि मान डावीकडे झटकली. फाईल वाचली. माझ्या मानेतली, मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली.

हे तेव्हा कळलं नाही. मान दुखत होती, डावी पापणी अर्ध्यावर येऊन थांबली होती आणि कानात एक आवाज सुरू झाला होता. खर्र, खर्र, खर्र. एका लयीत, न दमता. मला वाटलं, बाबांचं शिलाई मशीन. बाबा टेलर आहेत, दुकान खाली आणि घर वर, त्यामुळे तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकतेय. दोन दिवस मी लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की मशीन ऑफिसातही चालू आहे, आणि ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर आहे.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना आम्ही ‘बहुतेक’ म्हणतो. तोंडावर नाही. माणूस भला, पण पुढचं काही सांगताना त्यांचं एकही वाक्य या शब्दाशिवाय संपत नाही. त्यांनी बाबांना समोर बसवलं आणि सोपं करून सांगावं म्हणून स्वतःच्या कोटाची कड उलटी केली.

“हे अस्तर आहे ना, तसंच रक्तवाहिनीलाही आतून अस्तर असतं. हिचं ते फाटलंय आणि रक्त मधल्या फटीत शिरतंय. तिथे गाठ झाली आणि ती मेंदूकडे सरकली, तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या.”

समोर कोण बसलंय हे त्यांना माहीत नव्हतं. बाबा पुढे झुकले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

“किती लांब उसवलंय?”

“चारेक सेंटिमीटर.”

“मग बाहेरून आधार द्यायला लागेल.”

“नाही, नाही. बाहेरून काहीच करायचं नाही. ते आपोआप भरून येतं. बहुतेक.”

“आपोआप,” बाबा म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आलेलं एकही कापड आपोआप भरून आलं नव्हतं.

पुढचे सहा महिने मी घरातली सगळ्यात नाजूक वस्तू होते. वजन उचलायचं नाही, वर बघायचं नाही, वळायचं तर खांद्यांसकट, कपाटासारखं. शिंक आली तर मोकळी सोडायची. आत्या दुकानात बसून शर्टांना काज करते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोचते, दोन्ही एकाच सुईने.

“फुलदाणी बरी गं तुझ्यापेक्षा,” ती म्हणायची. “निदान तिला अधूनमधून पुसायला हलवता येतं.”

मला फक्त धावायचं होतं. शिंकेआधी रोज सकाळी शाळेमागच्या मैदानावर मी पाच फेऱ्या मारायचे. दिवसातला तेवढाच वेळ मी कोणाला काही नाकारत नसे. आता तो वेळ खिडकीत बसून जायचा, आणि कानात खर्र, खर्र. कधी खालचं, कधी माझं. ओळखायची एकच युक्ती होती: बाबा जेवायला वर आले तरी जे चालू राहायचं, ते माझं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. बहुतेकांनी फोटो उजेडात धरला.

“छान भरून आलंय. इथे एक छोटासा फुगवटा राहिलाय, त्याच्यावर लक्ष ठेवू.”

“कोण ठेवणार?” मी विचारलं.

“आपण सगळेच. आधी दोन महिने चाला, मग हळू धावा. धावताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. वाक्य तुटलं, की थांबायचं. आणि मानेला झटका नको.”

“पुन्हा फाटेल?”

“बहुतेक नाही.”

बाहेर आल्यावर बाबा पायऱ्यांवर थांबले. “फुगवटा म्हणजे कापड ताणलं गेलंय,” ते म्हणाले. त्याहून जास्त काही बोलले नाहीत, आणि बाबा गप्प बसले की समजावं, मनात कापणं सुरू झालंय.

दोन महिने मी चालले. धावायच्या आधीच्या आठवड्यात बाबांनी माझ्या गळ्याचं माप घेतलं. टेप थंड होता, त्यांची बोटं त्याहून थंड. तीन दिवस गिऱ्हाईकांची कामं बाजूला पडली. चौथ्या दिवशी त्यांनी टेबलावर एक कॉलर ठेवली. चार बोटं उंच, आत बकरमचे, म्हणजे ताठ कापडाचे, दोन थर, वर मऊ सुती कापड, मागे अकरा हुक. माझे धावायचे बूट जांभळे, म्हणून कॉलरही जांभळी. डाव्या बाजूला आतून एक जाड गादी होती.

“तिथे दुहेरी दिलंय,” बाबा म्हणाले. “फाटलेल्या जागेला आतून पट्टी द्यायची. कामाला लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं मला. आता झटका बसला तरी मान जागची हलणार नाही.”

“वा, दादा,” आत्या म्हणाली. “आता हिला हँगरला लटकव आणि दुकानात लाव.”

डॉक्टरांना एकदा विचारायला हवं होतं. फोन माझ्या हातात होता. पण बाबा कॉलरच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, टीप कुठे टोचत तर नाही ना बघत होते. रोज तीस अनोळखी माणसांना मी तथापि सांगते. बाबांना एकदा सांगता आलं नाही.

मैदानाच्या पायरीवर बाबा आणि आत्या बसले. मी निघाले. पहिली फेरी उत्तम झाली. बहुतेकांच्या नियमाप्रमाणे मी मोठ्याने बोलत होते, आणि मला पाठ असलेलं पूर्ण वाक्य एकच. “आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला.” पाय जमिनीला लागत होते, वारा लागत होता, कानातलं मशीन माझ्या पावलांच्या तालावर चालत होतं. समोरून चालत येणारे एक आजोबा वाक्य ऐकून थांबले आणि म्हणाले, “आभारी आहे.”

दुसऱ्या फेरीत मी पायरीसमोर आले तेव्हा आत्या ओरडली, “अगं ए, इकडे बघ की! फोटो काढतेय!”

मी डावीकडे बघितलं. सवयीने, नुसती मान वळवून. कॉलर तसूभर हलली नाही, इतकी ती उत्तम शिवलेली होती. गादी मात्र आत रुतली, नेमकी त्या जागी.

“आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला, तथापि,” असं मी म्हणाले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच कानातलं मशीन थांबलं.

थांबलेलं मशीन किती शांत असतं, हे मला आता माहीत आहे.

डोळे उघडले तेव्हा वर आभाळ होतं आणि मधे बाबांचं तोंड. त्यांची बोटं माझ्या मानेमागे हुक शोधत होती. अकरा हुक, दुहेरी दोऱ्याने पक्के केलेले, धावताना सुटू नयेत म्हणून. दोन निघाले. तिसरा निघेना.

“उसवतो,” बाबा म्हणत होते. “थांब, उसवतो, टीप सापडू दे.”

“दादा, काप!”

“तयार कपड्याला कात्री—”

“काप म्हणते ना! पोरीचे ओठ बघ, काप!”

बाबांच्या खिशात कायम कात्री असते. तिचं एक पातं कॉलरच्या आत सरकलं. डावीकडूनच, कारण हुकांसाठी त्यांनी मला उजव्या कुशीवर वळवलं होतं. गार लोखंड त्या फुगवट्यावरून जात असलेलं मला कळत होतं. रक्त पातळ करायची गोळी मी सकाळी नेमाने घेतली होती.  शिंक येऊ नये एवढीच इच्छा मी धरली. मग बकरम कापल्याचा आवाज आला, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

हॉस्पिटलात बहुतेकांनी सगळे फोटो पुन्हा काढले. “नवीन काही फाटलेलं नाही. मानेत तिथेच एक जागा असते. ती दाबली गेली की हृदय एकदम मंदावतं आणि माणूस पडतो. दाबली कशाने?”

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत होते.

“बाजारातून एक पट्टा आणला होता,” मी म्हणाले. “फेकून दिला.”

“उत्तम केलंत. कोण बनवतं असल्या भयंकर वस्तू!” बहुतेक म्हणाले. अख्ख्या ओळखीत त्यांचं ‘बहुतेक’शिवायचं इतकं ठाम मत मी हे एकच ऐकलं.

घरी आलो. दारात चप्पल काढता काढता आत्याने ठराव मांडला. “काही झालेलं नाही. पोरगी धावली, दमली, बसली. बास.” तो मंजूर झाला, हे आधी सांगितलंच आहे.

जे घडलंच नाही, त्यानंतर बाबांनी कॉलर शिवणं सोडलं. शाळेचे मुख्याध्यापक नवा शर्ट घेऊन परत आले. “अहो, ह्याला कॉलर कुठे आहे?” बाबा म्हणाले, “गळा मोकळा बरा, सर.” मुख्याध्यापक गेले ते पुन्हा आले नाहीत. मग आणखी दोघं गेले. आता खालचं मशीन तासन्‌तास बंद असतं. बाबा खडू हातात घेऊन कापडापुढे बसतात, रेघ ओढत नाहीत. त्यामुळे कुठला आवाज कोणाचा हा घोटाळा आमच्याकडे उरलेला नाही. आवाज एकच आहे.

बहुतेकांनी महिन्याभराने पुन्हा परवानगी दिली. आज सकाळी मी मैदानावर गेले, उघड्या गळ्याने. बाबा येणार नाही म्हणाले होते, पण पायरीवर होते. आत्या शेजारी, तोंड बंद, फोन पर्समध्ये. बाबांचा उजवा हात खिशात होता आणि खिशाला कात्रीचा आकार आला होता.

मी निघाले. पूर्ण वाक्य बोलणं भाग होतं, पण जुनं वाक्य तथापिच्या जवळ गेलं की पाय जड व्हायचे. म्हणून मी दुसरं म्हणायला घेतलं, आणि फेरी पुरी होईपर्यंत ते तुटलं नाही:

प्रति, डावी रक्तवाहिनी, मान. विषय: पूर्वसूचना मिळण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, आपण पुन्हा फाटण्याचे योजल्यास किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवावे. सदर नोटीस अर्जदाराच्याच हाती द्यावी, खाली दुकानात देऊ नये. अर्जदाराचे वडील शिवणकाम करतात. फाटलेले काहीही आपल्याला शिवता येते, असा त्यांचा गेली चाळीस वर्षे समज होता. तो समज त्यांना विनाविलंब, होता त्या स्थितीत परत करण्यात यावा, ही नम्र विनंती.