मधली तार

गावात इफ्फतला सगळे ‘वायरमनबाई’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नव्हते. परतवाड्याची ही आयटीआय झालेली पोर तेल्हाऱ्याजवळच्या या गावात नोकरीवर येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. मे लागला आणि गावाच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, तिनातला एकच फ्यूज रोज दुपारी उडू लागला. उडायच्या आधी कूलरचे पंखे इतके मंद फिरत, की बसल्या जागी पाती मोजून घ्यावीत. डीपी जळाली, तर नवी येईपर्यंत अख्खं गाव उकडून निघणार, आणि बोल वायरमनबाईला लागणार.

इफ्फत मान वर करून खांबान् खांब फिरली. विजेच्या तारा, म्हणजे फेज, तीन, आणि पन्नासातली चाळीस घरं एकट्या मधल्या तारेवर! तीन उन्हाळ्यांपूर्वी कडेच्या तारांवर भार होता, तेव्हा फुलमळेवाल्या केशवरावांनी मधली रिकामी तार हुडकली. गावातलाच मोतीराम वाळक्या बांबूनं कुणाचीही वायर हवी तिथं सरकवून द्यायचा, चहाच्या कपावर. केशवराव गेले, शेजारी गेला, मग काय, मेंढरामागं मेंढरू. आता मधली तार मरायला टेकली होती आणि कडेच्या दोन्ही आरामात होत्या.

तिनं कूलर मोजून यादी केली: कोणतं घर आता कोणत्या तारेवर न्यायचं. सगळ्यांनी मान डोलावली, पण सगळ्यांचं म्हणणं एकच, “आधी केशवरावले हालवा.”

केशवराव ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. “तो फेज म्या हुडकला. मी काहून हटू?”

“काका, तो रिकामा होता म्हून चांगला होता. आता सारं गाव लटकलं त्याच्यावर.”

“तू काल आली अन् मले शिकवून रायली?”

इफ्फतला राग आला, पण आवाज चढला नाही. तिचा हिशेब पक्का होता. “एक दिवस कडेच्या तारेवर राहून पाहा. कूलर मंद झाला, तर मी हापिसात लिहून देईन, की हे गाव माह्याच्यानं होत नाही. मंग दुसरा वायरमन मागा.”

हे मात्र केशवरावांना पटलं. सकाळी लाइन बंद करून तिनं त्यांची वायर स्वतः कडेच्या तारेला जोडली.

दुपारी तीनला, ऊन ऐन भरात असताना, ती त्यांच्या दारात गेली. त्यांच्या बायकोनं, गंगूबाईंनी, दार किलकिलं केलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत कूलर भरारा चालला होता आणि केशवराव, मे महिन्यात, गोधडी घेऊन घोरत होते.

बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच! चहा व्हायच्या आत ओट्यापुढं गर्दी जमली आणि मोतीराम बांबू घेऊन हजर.

“आमाले बी केशवरावच्याच तारेवर घ्या.”

इफ्फतनं मनातल्या मनात हिशेब केला. चाळीस घरं या तारेवर आली, की आठ दिवसांत ही पण मरणार. यादी कोण वाचतो? ती जिंकली होती आणि हरायलाच निघाली होती.

तेवढ्यात केशवराव खांद्यावर गोधडी तशीच घेऊन बाहेर आले.

“मांगच्या खेपेस माह्या मांगं आले, अन् माह्यासकट सगळेच उकडले,” ते म्हणाले. “आता कोणी माह्या मांगं येऊ नका. बाईच्या यादीत जे लिवलं, तेच. मोतीराम, बांबू ठेव. उद्या शिडी धरजो.”

गर्दी कुरकुरली, पण पांगली. त्या क्षणी इफ्फतला ते गाव पहिल्यांदा आपलं वाटलं.

सकाळी लाइन बंद झाली. तिनं यादीतलं पहिलं नाव वाचलं, ते मोतीरामचंच होतं, दुसऱ्या कडेच्या तारेवर. मोतीरामनं एकदा केशवरावांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं शिडी धरली.