ढीग गार होईना

"ताप आहे अजून," काका ढिगात कोपरापर्यंत हात घालून म्हणाले.

"काका, बाकीचे ढीग कधीच पिकले," साहेब वैतागले. "ट्रक यायचाय. हाच एकटा कसा तापतोय?"

"ज्याची त्याची प्रकृती, साहेब."

मी लोडरवर बसून आभाळाचा अभ्यास करत होतो. मला कारण माहीत होतं.

आमचं खताचं केंद्र. पेंढा, वेल, शेण थरावर थर रचायचं. मग त्यातले सूक्ष्म जीव पंगतीला बसतात. आधी गोड, मऊ ते संपवतात, मग चिवट काड्यांकडे वळतात आणि त्यांच्या जेवणानेच ढीग तापतो. पंगत उठली की ढीग गार. उरतं ते काळं, भुसभुशीत खत. काका मात्र रोज सगळ्यांच्या आधी येऊन या ढिगाला हिरवं गवत वाढायचे. पंगत उठूच देत नव्हते.

तो काकूंनी रचलेला शेवटचा ढीग होता. त्यानंतर काकूच राहिल्या नाहीत.

दोघं इथंच कामाला. काकू सकाळी डबा तापल्या ढिगात पुरायच्या, वर खुणेला लाल फडकं. दुपारी वाफाळतं जेवण. एकदा फडकं उडालं आणि डबा सापडला तो खत चाळताना. आतल्या भाजीचं खत झालं नव्हतं, पण जेवणही उरलं नव्हतं. काकूंनी तो घासून परत वापरात घेतला.

दुपारी मी काकांशेजारी टेकलो. "किती दिवस भरवणार?"

"भूक लागते त्याला."

"ढिगाला?"

"मग काय तुला?"

वारा फिरला. ढिगातून असा वास आला की आमच्या दोघांच्या डोळ्यांत पाणी. माझं तरी वासाचं होतं.

"अमोनिया," मी म्हणालो. "हिरवं जास्त झालंय."

काकांनी हातातली गवताची पेंढी खाली केली. मग हळूच म्हणाले, "ती असती तर म्हणाली असती, नाक आहे की बटाटा? माझ्या ढिगाची नासाडी केलीत."

त्यांनी ती पेंढी शेजारच्या गाईपुढे टाकली. साहेबांना एवढंच सांगितलं, "ट्रक पुढच्या खेपेला."

मग त्यांनी ढीग नुसता पालटत ठेवला. वास गेला. एका सकाळी हात घालून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

"गार," म्हणाले.

मी लोडर लावला. काकांनी मूठभर उचलून चोळलं. पेंढा कुठला, वेल कुठला, काही ओळखू येईना. पहिल्या पावसाआधीच मातीचा वास.

"जमलंय हिला," ते म्हणाले आणि मूठ ट्रकमध्ये रिकामी केली.

दुपारी त्यांनी नव्या ढिगावरचं लाल फडकं काढून डबा उकरला. ढीग त्याच सकाळी रचलेला, तापायला अजून अवकाश होता. डबा गारच होता.

काकांनी पहिला घास उचलला, त्यावर फुंकर मारली आणि मग खाल्ला.